मिलच्या चिमणीवरचा लग्गड ससाणा

९ जानेवारी १९८३, रविवार

नवी वही. हिच्यात फक्त निरीक्षणं. मतं, घरातल्या भानगडी आणि संप यांना प्रवेश नाही.

कारण: काल गिरगावात पद्मजा लेले यांचं स्लाइड्ससह व्याख्यान ऐकलं. विषय, कोरड्या प्रदेशातले शिकारी पक्षी. बाई पन्नाशीच्या, साडीखाली कॅनव्हासचे बूट. सापमार गरुड माळावर एका जागी हवेत थांबतो आणि साप दिसला की पाय खाली सोडून उतरतो. खरूचीही तशीच थांबते, पण ती टोळ आणि सरड्यांवर भागवते. लग्गड ससाणा मला सगळ्यात आवडला. पाठ तपकिरी, छाती फिकट आणि तिच्यावर रेघा, डोळ्याखाली मिशीसारखी काळी रेघ. जोडीने शिकार करतात. एक सावजाला उठवतो, दुसरा वरून येऊन धरतो. मध्ये एक शब्द बोलणं नाही. अशी माणसं मी पाहिलेली नाहीत.

मेपासून बाईंचं सर्वेक्षण सुरू होणार. माणदेश, मग सोलापूरकडचे माळ. मदतनीस हवा. नकाशे काढणारा, आणि एका शिकारी पक्ष्यावर स्वतः सलग नजर ठेवलेला. माझा सिव्हिलचा डिप्लोमा. सर्व्हेअरच्या ऑफिसात ट्रेसर आहे. नकाशांचा प्रश्न नाही. पक्षी तेवढा हवा होता.

आज सकाळी मिळाला. गॅलरीसमोर, आमच्या मिलच्या चिमणीवर. लग्गड ससाणा. खात्री जवळजवळ पूर्ण.

१० जानेवारी

ऑफिसातून जुना थिओडोलाइट, मोजणीचं दुर्बीण लावलेलं यंत्र, आणला. साहेबांना तपासणीसाठी नेते असं सांगितलं. तपासणी करणारच आहे.

जुनं यंत्र असल्यामुळे दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं. वरचं खाली, डावीकडचं उजवीकडे. शिकलेल्या माणसाला त्याचं काही नसतं. मनात सरळ करून घ्यायचं. मला इतकी सवय आहे की आपण काही सरळ करतोय हेही आता लक्षात येत नाही.

पाठ तपकिरी. छातीवर रेघा. डोळ्यामागे काळपट डाग, म्हणजे मिशी. थोडी मागे सरकली आहे. शेपटीला मधोमध खाच. लग्गडची शेपूट गोल असते. मधली पिसं गळली असणार.

आई म्हणाली, घार ती. मी विचारलं, कशावरून. आई म्हणाली, घारीसारखी दिसते त्यावरून. असल्या पुराव्यावर चर्चा होत नाही.

१३ जानेवारी

गॅलरीतली गर्दी हा मोठा अडथळा.

आमच्या चाळीत माणूस उठला की आधी चिमणीकडे बघतो, मग चूळ भरतो. धूर दिसला म्हणजे बॉयलर पेटला, म्हणजे मिल सुरू. संपाला येत्या मंगळवारी वर्ष होईल. वर्षभर धूर नाही, तरी बघतात. माझे वडील, नाना, त्याच मिलच्या बॉयलरवर. माझ्या जन्माच्या आधीपासून. ते चहा उभ्यानेच घेतात, बशी चिमणीकडे करून. विचारत मात्र काही नाहीत.

बाकीचे विचारतात. यंत्र धूर बघायला आणलं असा सगळ्यांचा समज झालाय. शेजारचे कोंडीराम, विणाई खात्यातले, मूळचे माणदेशचे, सकाळी दात घासत येऊन उभे राहतात. म्हणाले, "आमच्याआदी तुमालाच दिसनार बघा, ताई." खुलासा केला नाही. खुलाशात निरीक्षणाचा वेळ जातो.

माणदेशचे आहेत म्हणून त्यांना लग्गडविषयी विचारलं. म्हणाले, "आमच्याकडं पक्षी कोन बघतंय? सगळी ढगाकडं बघत्यात." स्थानिक माहिती: शून्य.

१८ जानेवारी

संपाला वर्ष झालं म्हणून गेटवर सभा. घोषणा गॅलरीपर्यंत येत होत्या. मी लक्ष दिलं नाही.

सभा चालू असताना पक्षी खाली आला, फाटक्या बॅनरची लाल चिंधी उचलून चिमणीवर गेला. चिमणीच्या तोंडाखाली लोखंडी कठडा आहे, तिथे काड्या, तारा आणि कापसाचे बोळे रचलेले दिसतात. पुस्तकात लिहिलंय, ससाणा स्वतः घरटं बांधत नाही. हा बांधतो. नवीन नोंद.

कोंडीराम म्हणाले, पक्षी युनियनमध्ये आला. सबंध गॅलरी हसली. नानासुद्धा. फार दिवसांनी.

३० जानेवारी

आज जोडीने शिकार पाहिली. स्लाइडमध्ये होती तश्शी.

वरळी कोळीवाड्याच्या सुंदराबाई मिलच्या गेटसमोर मासळीची पाटी घेऊन बसतात. पगार चालू होते तेव्हा गर्दी असायची, आता भाव विचारून लोक बोंबलाचा वास घेतात आणि जातात. एक पक्षी विजेच्या खांबावर येऊन ओरडला. सुंदराबाईंनी वर पाहिलं. दुसऱ्याने मागून येऊन पाटीतला बांगडा नेला. एकाने सावज उठवलं, दुसऱ्याने धरलं. उठवलं ते सावज नव्हतं, सावजाची मालकीण होती. तत्त्व तेच.

कोरड्या प्रदेशातल्या ससाण्याने मासा धरल्याचं माझ्या वाचनात नाही. नवीन नोंद.

ओरडणं थरथरतं आणि लांब, शिटीसारखं. घारीसारखं. हा घारींची नक्कल करतो असं दिसतं, म्हणजे सावज बेसावध राहतं. हुशार पक्षी आहे.

सुंदराबाईंनी खालून मला पाहिलं. "आगं बाय, तुजी ती तोप हिकरं फिरव ना, आन् घाल त्येला." तोफ नाही, कोन मोजायचं यंत्र आहे, असं मी वरून सांगितलं. त्यांनी त्यावर जे म्हटलं ते निरीक्षणात मोडत नाही.

६ फेब्रुवारी

शिकारीचं वेळापत्रक लागलं. आलेख काढला, सुबक झालाय.

पक्षी शिकार करतो ती सकाळी ऊन तापल्यावर, रोज त्याच जागी. कारण उघड आहे. गेटसमोरचं डांबर तापतं, गरम हवेचा झोत वर येतो, पक्षी त्यावर तरंगतो. सोमवारी आणि गुरुवारी मात्र शिकार नाही. एकदाही नाही. सोमवारी आणि गुरुवारी डांबर कमी का तापतं, हे हवामान खात्याला विचारायला हवं.

आई म्हणाली, सोमवार-गुरुवार कोण मासळी घेतं, सुंदराबाई येतच नाही. मी म्हटलं, तो वेगळा विषय.

दुपारी पद्मजाबाईंकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं. कुठे हसू दिसलं नाही. पिल्लं उडायला येईपर्यंत बघत राहा, मार्चअखेर मी स्वतः येऊन बघेन, मग ठरवू, म्हणाल्या. मी एकच अडचण सांगितली. चिमणी आत्ता थंड आहे, पेटली तर घरटं जाईल. त्या म्हणाल्या, बघू.

तेव्हा एक गोष्ट लिहून ठेवते, नंतर गैरसमज नको. मी संपाच्या बाजूची नाही आणि विरुद्धही नाही. मला मार्चअखेरपर्यंत चिमणी थंड हवी आहे. आईने गावच्या देवीला धुरासाठी नारळ बोललाय. हा निव्वळ योगायोग.

२७ फेब्रुवारी

पिल्लं. कठड्यावर दोन पांढुरकी डोकी हलताना दिसली. मी यंत्राला डोळा लावून फक्त एवढंच म्हटलं, "वर हालचाल आहे."

दुपारपर्यंत लालबागभर झालं की बॉयलरवर हालचाल आहे. करी रोडहून लोक आले. कोंडीराम दाढी करून डबा घेऊन गेटवर गेले. नानांनी ट्रंकेतून खाकी शर्ट काढला. एक बटण नव्हतं, ते आईने लावून दिलं. लावताना आई गुणगुणत होती.

संध्याकाळी सगळे परत. कोंडीरामांचा डबा भरलेलाच होता, तो त्यांच्या बायकोने पोरांना वाढला. नानांनी शर्ट घडी करून ठेवला, बटणाची बाजू वर.

ठराव: निरीक्षणं यापुढे मोठ्याने सांगायची नाहीत. लोकांना शास्त्रीय भाषा कळत नाही.

६ मार्च

मिलचा मुकादम घरी आला. आईने चांगली कपबशी काढली.

काही मिलमध्ये थोडी थोडी खाती चालू झालीच आहेत. आमच्या मिलला विणाईचं एक खातं सुरू करायचंय. सूत आहे, थोडी माणसं आहेत, पण तो जुना बॉयलर नानांशिवाय कोणाला जमत नाही. पुढच्या सोमवारी पेटवून द्या, म्हणाला. तुम्ही आलात तर तुमची जागा तुमचीच, नाहीतर बाहेरचा माणूस आणू आणि मग तो कायमचा. धमकी नव्हती. नीट सांगत होता.

नाना म्हणाले, विचार करून सांगतो. आईने ट्रंक पलंगाखालून बाहेर काढली.

मग नानांनी गॅलरीत येऊन मला विचारलं, "काय करू गो?" नानांनी मला आजवर कधी काही विचारलेलं नाही. डिप्लोमाला प्रवेश घेतला तेव्हाही नाही.

मी शांतपणे सांगितलं. वर्षभर गेटवर उभे राहिलेले लोक पहिला धूर बघतील तेव्हा तो तुमच्या हातचा असू नये. कोंडीरामांना रोज तोंड दाखवायचंय. निदान महिनाअखेरपर्यंत थांबा, तडजोड झाली तर सगळ्यांबरोबर जाल. मुद्दे तिन्ही बरोबर होते. आत्ता परत वाचले, बरोबरच आहेत. पक्ष्याचा उल्लेख केला नाही, कारण त्याचा इथे संबंध नव्हता.

नानांनी चिमणीकडे पाहिलं. म्हणाले, "माझ्या मनात ह्याच होता. कोणीतरी बोलाक व्हया होता." आणि खाली गेटवर जाऊन मुकादमाला नाही म्हणून आले.

पिल्लांची वाढ समाधानकारक.

९ मार्च

कोंडीरामांनी चाळभर केलं. नाना नाही म्हणाले, आणि पोरीने सांगितलं म्हणून म्हणाले. खालच्या मजल्यावरच्या बायका मला जागा देऊ लागल्या आहेत, नळावरसुद्धा.

संध्याकाळी चाळीच्या पटांगणात सभा. मला बोलायला लावलं. मी पाच वाक्यं बोलले. गाभा असा की परिस्थिती निवळेपर्यंत चिमणी थंड राहिली पाहिजे, आणि ती थंड ठेवणं आपल्या हातात आहे. टाळ्या फार वेळ वाजत होत्या. कोंडीराम म्हणाले, बॉयलरवाल्याची लेक, ठिणगी आहे ठिणगी. उपमा चुकली. ठिणगीलाच माझा विरोध होता.

नाना मागे भिंतीला टेकून उभे होते. टाळ्या वाजवत नव्हते. हाताची घडी घालून लोकांकडे बघत होते, मुलीचं लग्न लागल्यावर बाप बघतो तसे.

आईने रात्री पानं वाढली. म्हणाली, मुकादम आला तेव्हा नानांना काय वाटलं ते तुला दिसलं नाही. ते कामावर गेले असते. मी म्हटलं, तसं दिसलं नाही मला. आई म्हणाली, "तुझ्या त्या यंत्रातून बघ एकदा घरातलं."

घरात फोकस होत नाही. अंतर कमी पडतं.

२० मार्च

मुकादम आणणार होता तो बाहेरचा माणूस अजून आलेला नाही असं कळलं. पिल्लांना पिसं आली. रंग तपकिरी, ठिपके पांढरे. पुस्तकातल्या लग्गडच्या पिल्लाशी जुळत नाही. पुस्तक पंजाबातलं आहे, हवापाण्याचा फरक पडत असणार.

अहवाल पूर्ण. तक्ते, आलेख, चिमणीची उंची, घरट्याचा छेद. नवीन नोंदींचं वेगळं पान केलंय, कारण त्या जुन्या नोंदींपेक्षा जास्त झाल्या आहेत. माणदेशासाठी बूट बघून ठेवले. कॅनव्हासचे.

२७ मार्च, रविवार

पद्मजाबाई आल्या. तीन जिने न थांबता चढल्या. गॅलरीत सगळे होते. सुट्टी आणि संप यात आता फरक उरलेला नाही.

त्यांनी यंत्राकडे पाहिलंच नाही. गळ्यातली दुर्बीण डोळ्याला लावली आणि लगेच खाली केली.

"घार आहे."

मी पिसगळतीचं सांगितलं. आवाजाच्या नकलेचं, मासळीचं, सोमवार-गुरुवारचं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकलं. मग अहवाल घेऊन खुर्चीवर बसल्या आणि पानन् पान वाचला. म्हणाल्या, काम उत्तम आहे. खाच, शिटी, चिंध्या, बाजारातली चोरी, सगळं अचूक टिपलंय. घारीचं इतकं नेटकं वर्णन मी क्वचित पाहिलंय. यात एकही निरीक्षण चुकलेलं नाही, फक्त वरचं नाव चुकलंय.

आई चहा घेऊन आली. बाईंनी तिला विचारलं, हा पक्षी कोणता हो. आईने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, मला नाही त्यातलं कळत.

माझ्यासाठी आई आजवर एवढं खोटं कधी बोललेली नाही.

जागा कोल्हापूरच्या एका मुलाला दिली आहे असं बाईंनी नीट सांगितलं. उठताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "आणि तू चिमणी पेटेल म्हणून इतकी घाबरली होतीस, त्याचीही गरज नव्हती. कठडा तोंडाच्या खाली आहे, धूर वर जातो. शिवाय घारीला धुराचं काही नसतं गं. उलट गरम हवा हवीच असते तिला."

नाना दारात बशी घेऊन उभे होते.

त्यांनी बशीतला चहा कपात परत ओतला. कपबशी कट्ट्यावर ठेवली. मग चप्पल घालून, बाईंना अंधाऱ्या जिन्यावरून खाली सोडायला गेले. जिन्यात एक पायरी तुटकी आहे, ती त्यांनी बाईंना दाखवल्याचा आवाज आला.

२९ मार्च

नानांनी काही विचारलेलं नाही. मी उत्तर तयार ठेवलंय. मुद्दे तिन्ही बरोबर होते, हे ते उत्तर.

२ एप्रिल

विचारलेलं नाही.

कोंडीराम गॅलरीत सांगत होते की नानांच्या पोरीमुळे चाळीची मान वर राहिली. नाना तिथेच होते. म्हणाले, "होय. तिनाच सांगितल्यान." मी आत होते. बाहेर गेले नाही, कारण काम होतं.

११ एप्रिल, सोमवार

धूर.

मला दिसण्याआधी खालच्या मजल्यावर दिसला. कोणीतरी ताट वाजवलं, मग लगेच थांबलं. गॅलरी भरली. गेटवर पोलिसांची गाडी आहे. बॉयलरवर बाहेरचा माणूस आहे, मुकादम सांगत होता तो. कायमचा.

धूर काळा आणि दाट. नाना गॅलरीच्या कठड्याला हात टेकून बघत होते. म्हणाले, कोळसा भिजका आहे, आणि हवा कमी सोडलीय. पुन्हा म्हणाले, हवा कमी सोडलीय. कोंडीराम म्हणाले, आपन न्हाई गेलो त्येच बरं झालं, नाना. नाना म्हणाले, होय.

कोंडीराम चूळ भरायला गेले तेव्हा नाना यंत्रापाशी आले. तीन महिन्यांत पहिल्यांदा. मी बाजूला झाले. त्यांनी वाकून डोळा लावला. बॉयलरच्या भोकातून आग बघायचे तसा, दुसरा डोळा हाताने झाकून.

"धूर खाली जाता गो."

मी सांगितलं की यंत्र जुनं आहे, त्यात उलटं दिसतं, मनात सरळ करून घ्यायचं असतं.

"आणि तू करतस?"

मी हो म्हटलं. मग म्हटलं, नाही.

नानांनी मान हलवली, जणू मी कोळशाविषयी काही बोलले होते. पण डोळा काढला नाही. थोड्या वेळाने म्हणाले, एक पिल्लू कठड्यावर येऊन बसलंय, काळं झालंय, पण आहे. दुसरंही आहे. मग स्क्रू कसा फिरवायचा ते विचारलं. मी दाखवलं. त्यांचा हात हलका आहे, मला माहीत नव्हतं.

मी साध्या डोळ्यांनी बघत होते. चिमणीच्या वर, धुराच्या अगदी कडेला, ती पंख न हलवता गोल गोल चढत होती. आज सोमवार, सुंदराबाई नाही, पाटी नाही. गरम हवेचा झोत मात्र आहे. माझं आलेखातलं कारण पहिल्यांदाच बरोबर ठरलं.

थिओडोलाइट उद्या परत करायचा होता. नाना बघतायत तोवर राहू दे. तपासणी राहिलीच आहे.

पक्षी: घार.